गुणायचं की भागायचं, ते एककालाच विचारा

इंदुरात प्लॉट बघायला निघालात की दलाल ‘वीस बाय पन्नास’ म्हणतो आणि भाव चौरस फुटाचा सांगतो. घरी येऊन कलेक्टर गाइडलाइन (जमिनीच्या सरकारी दरांची यादी) उघडावी, तर तिथे दर चौरस मीटरचा. शहराबाहेरची शेतजमीन असेल तर शेतकरी बिघ्यात बोलतो आणि खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, हेक्टर लिहिलेले असतात. बांधकाम काढलं की रेती घनफुटात, सळई किलोत, टाकी लिटरमध्ये आणि मोटर हॉर्सपॉवरमध्ये. मोबाइलवर रूपांतराचा आकडा क्षणात सापडतो. अडतं ते त्याच्या पुढे. त्या आकड्यानं गुणायचं की भागायचं?

बहुतेक जण दोन्ही करून बघतात आणि जे उत्तर ‘बरं दिसतं’ ते ठेवतात. परीक्षेची तयारी करणारी मुलं तक्ते पाठ करतात: किलोमीटर-तासावरून मीटर-सेकंदाला पाच अठरांश, उलट असेल तर अठरा पंचमांश. पेपरात नेमकं उलटं आठवतं. खरं तर यात पाठ करण्यासारखं फार थोडं आहे. सातवीतला अपूर्णांकांचा काटाकाटीचा नियम येत असेल तर तेवढ्यावर हे सगळं काम होतं.

एककालाही आकड्यासारखंच वागवा

‘५० फूट’ यातला ‘फूट’ हा आकड्याला मागून लावलेला शब्द नव्हे. ते ‘५० गुणिले फूट’ आहे. म्हणजे बीजगणितात जसा वरचा आणि खालचा ‘क्ष’ काटतो, तसाच वरचा फूट आणि खालचा फूट काटता येतो.

आता १ फूट = ०.३०४८ मीटर. हे अगदी नेमकं आहे, कारण १९५९ मध्ये यार्ड आणि पौंड वापरणाऱ्या देशांनी मिळून इंच बरोबर २५.४ मिलिमीटर असा ठरवून टाकला. दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे (०.३०४८ मी. / १ फूट) या अपूर्णांकाची किंमत १ आहे आणि त्याला उलटा केला तरी १ च. एकानं गुणल्यानं वस्तू बदलत नाही, फक्त तिचं वर्णन बदलतं. म्हणून नेहमी गुणायचंच. प्रश्न एवढाच उरतो की अपूर्णांक सुलटा ठेवायचा की उलटा, आणि ते एकक स्वतःच सांगतं:

५० फूट × (०.३०४८ मी. / १ फूट) = १५.२४ मी.

फूट काटला, मीटर उरला. अपूर्णांक उलटा धरला असता तर उत्तर आलं असतं १६४ ‘फूट-वर्ग प्रति मीटर’. असलं एकक जगात कोणी वापरत नाही, म्हणजे चूक तिथल्या तिथे पकडली गेली. आकडा खोटं बोलू शकतो. १६४ हा आकडा पाहून कोणालाच संशय आला नसता.

कागदावर करताना क्रम असा ठेवा. आधी हातातली राशी एककासकट लिहा. उजव्या टोकाला नुसतं हवं असलेलं एकक लिहा, आकडा नको. मधे एक किमतीचे अपूर्णांक मांडत जा, नको असलेलं एकक वर असेल तर पुढच्या अपूर्णांकात ते खाली आणा. सगळी एककं काटून झाली आणि हवं तेच उरलं की मग कॅल्क्युलेटरला हात लावा, त्याआधी नाही.

आता तो प्लॉट. वीस बाय पन्नास म्हणजे १,००० चौ. फूट. इथे पुष्कळ जण १,००० ला ०.३०४८ नं गुणून ३०४.८ चौ. मी. काढतात. चौरस फूट म्हणजे फूट × फूट, त्यामुळे अपूर्णांकही दोनदा लागतो:

१,००० फूट × फूट × (०.३०४८ मी. / १ फूट) × (०.३०४८ मी. / १ फूट) = ९२.९ चौ. मी.

एकदाच गुणलं असतं तर एक फूट काटायचा राहून ‘फूट-मीटर’ असं धेडगुजरी एकक उरलं असतं. घनफुटाला हेच तीनदा.

दराचं गणित याच्या उलट्या दिशेनं जातं आणि व्यवहारात फटका बसतो तो इथे. समजा बाजारभाव ५,००० रुपये प्रति चौ. फूट आहे. गाइडलाइनशी ताडून बघायला तो चौरस मीटरमध्ये हवा:

(५,००० रु. / चौ. फूट) × (१ चौ. फूट / ०.०९२९०३ चौ. मी.) = सुमारे ५३,८२० रु. / चौ. मी.

क्षेत्रफळाचा आकडा सुमारे पावणेअकरा पटींनी लहान झाला, दराचा तेवढ्याच पटींनी मोठा. दरात चौरस फूट छेदात बसलेला असतो, म्हणून अपूर्णांक उलटा बसतो. दोन्हींचा गुणाकार, म्हणजे प्लॉटची किंमत, ५० लाखच राहिली पाहिजे. हा ताळा दर वेळी करून बघा.

साखळी

एका उडीत रूपांतर माहीत नसलं तरी बिघडत नाही, टप्प्याटप्प्यानं जा. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा वेगवान गाड्यांचा ट्रॅक आहे. ताशी २५० किलोमीटरनं एक फेरी किती सेकंदांची?

११.३ कि.मी. × (१ तास / २५० कि.मी.) × (६० मिनिटं / १ तास) × (६० से. / १ मिनिट) = १६२.७ से.

म्हणजे दोन मिनिटं त्रेचाळीस सेकंद. वेग इथे उलटा लिहिला आहे, ‘२५० किलोमीटरला १ तास’ असा, कारण किलोमीटर काटायचा होता. ‘काळ बरोबर अंतर भागिले वेग’ हे सूत्र आठवायची गरजच पडली नाही. कुठलाही ‘प्रति’ असलेला आकडा असा दोन्ही बाजूंनी वापरता येतो, आणि या पद्धतीचा निम्मा फायदा त्यातच आहे.

कोणता फूट?

आपल्याकडे बोलताना सगळ्यालाच नुसतं ‘फूट’ म्हणतात. टाइलवाला फुटाचा भाव सांगतो तो चौरस फुटाचा. रेतीवाला फुटाचा भाव सांगतो तो घनफुटाचा. ग्रॅनाइटची कड घासून देणारा फुटाचा भाव सांगतो तो लांबीचा. तिघांची बिलं एकाच वहीत लिहिताना आधी प्रत्येकापुढे खरं एकक लिहा: फूट, फूट², फूट³. पुण्याकडचे नातेवाईक ‘किती ब्रास लागली?’ असं विचारतील, तर १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ३०० घनफूट रेती म्हणजे ३ ब्रास, म्हणजे ८.५ घनमीटर.

तीच रेती टनात किती? इथे जरा थांबा. घनमीटरवरून टनावर जाणं हे एककाचं रूपांतर नाही, कारण आकारमान आणि वजन या दोन वेगळ्या राशी आहेत. त्यांना जोडायला घनता लागते आणि ती पदार्थागणिक बदलते. कोरड्या रेतीची घनमीटरला सुमारे १.६ टन धरली तर साडेआठ घनमीटरचे साडेतेरा टन होतात. ओली रेती निराळी. तेलाच्या डब्याचंही असंच. सोयाबीन तेलाचं एक लिटर भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणून ‘१५ किलोचा डबा’ आणि ‘१५ लिटरचा डबा’ एकच समजून भाव ताडू नका:

१५ लि. × (०.९१ किलो / १ लि.) = १३.६५ किलो

सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक आहे. डब्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात, दुकानात उभ्या उभ्या वाचून घ्यावेत.

टाकीचं मोजमाप मात्र सरळ असतं. गच्चीवरची सिमेंटची टाकी आतून ४ × ३ × ३ फूट असेल तर ३६ घनफूट, आणि १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर, तेव्हा सुमारे १,०२० लिटर.

गच्चीवरचा पाऊस

माझं सर्वांत आवडतं रूपांतर हे. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, म्हणजे लांबीत. आणि पाणी आपल्याला लिटरमध्ये हवं असतं, म्हणजे घनफळात. लांबीला क्षेत्रफळानं गुणलं की घनफळ येतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी साचलं तर:

१ मी.² × १ मि.मी. × (१ मी. / १,००० मि.मी.) × (१,००० लि. / १ मी.³) = १ लि.

हजार हजार काटले आणि नेमकं एक लिटर उरलं. त्यामुळे ‘मि.मी.’ला ‘लिटर प्रति चौ. मी.’ असं बिनदिक्कत वाचता येतं. आपली वर्तमानपत्रं अजून ‘चार इंच बारिश’ असं छापतात. चार इंच म्हणजे १०१.६ मि.मी. आपल्या वीस बाय पन्नासच्या प्लॉटवर पूर्ण गच्ची असेल तर ९२.९ × १०१.६ म्हणजे सुमारे ९,४०० लिटर पाणी एका दिवसात वरून आलं. इंदूरचा वर्षाचा पाऊस ढोबळमानानं साडेनऊशे मि.मी. धरा, की आकडा जातो ८८,००० लिटरवर. यातलं काही उडून जातं, काही गच्ची पिऊन घेते, तेव्हा हाती लागेल ते पाऊणपट धरावं. तरी हजार लिटरच्या साठाहून जास्त टाक्या भरतात. रेन वॉटर हार्वेस्टिंगचा पाइप किती जाडीचा घ्यायचा याची बोलणी प्लंबरशी करायच्या आधी हा हिशोब हातात असावा.

बिघा: ज्याचं क्षेत्र गावागणिक बदलतं

फूट, एकर, हेक्टर यांचे आकडे पक्के आहेत. १ हेक्टर = १०,००० चौ. मी. = २.४७१ एकर; १ एकर = ४३,५६० चौ. फूट = ४० गुंठे; १ गुंठा = १,०८९ चौ. फूट. बिघा मात्र माळव्यात वेगळा, गुजरातेत वेगळा, राजस्थानात वेगळा, आणि इंटरनेटवरचा कन्व्हर्टर त्यातला कुठला धरतो हे तो सांगत नाही.

तो कन्व्हर्टर बंद करा आणि खसरा उघडा. त्याच तुकड्याचं क्षेत्र तिथे हेक्टरमध्ये असतं. मालक त्याला किती बिघे म्हणतो ते विचारा, आणि भागून त्या गावापुरता गुणक तुम्हीच काढा. हा गुणक किती महत्त्वाचा ते बघा. शेतकरी म्हणाला, सोयाबीन बिघ्याला ३ क्विंटल झालं. गावात चार बिघ्यांचा हेक्टर धरत असतील तर हेक्टरी १२ क्विंटल. पाच बिघ्यांचा धरत असतील तर १५. पीक तेच, शेत तेच, आकड्यात चौथाईचा फरक.

तोळ्याचंही असंच दुखणं आहे. जुना तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आजच्या सराफ्यात तोळा म्हटलं की १० ग्रॅम. आजीच्या ‘पाच तोळ्यांच्या’ पाटल्या जुन्या तोळ्याच्या असतील तर त्या ५८.३ ग्रॅम भरल्या पाहिजेत. त्या ५० ग्रॅम भरल्या तर झीज समजायची, की मुळात नवा तोळा होता, हे पावतीच्या सालावरून ठरवायचं. मेट्रिक वजनं आपल्याकडे १९५८ च्या ऑक्टोबरपासून लागू व्हायला लागली, पण घरातली भाषा त्यानंतर कितीतरी वर्षं जुनीच राहिली.

औषधाचा चमचा

डॉक्टरांनी लहान मुलासाठी पॅरासिटामॉल १८० मि.ग्रॅ. लिहून दिलं. बाटली आहे ‘५ मि.लि.मध्ये १२० मि.ग्रॅ.’ची.

१८० मि.ग्रॅ. × (५ मि.लि. / १२० मि.ग्रॅ.) = ७.५ मि.लि.

पुढच्या वेळी दुकानातून ‘५ मि.लि.मध्ये २५० मि.ग्रॅ.’ची बाटली आली, तर तेच १८० मि.ग्रॅ. फक्त ३.६ मि.लि.मध्ये मिळतात. सवयीनं साडेसात दिलं तर मात्रा दुप्पट होते. मात्रा किती ते डॉक्टर ठरवतील. पण ती मि.ग्रॅ.मध्ये आहे की मि.लि.मध्ये, हे विचारणं आपलं काम. मोजायला बाटलीसोबतचं माप घ्या, घरातला चमचा नको.

एका विमानाची गोष्ट

२३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघायचं होतं. इंधन मोजणारी यंत्रणा बंद होती, म्हणून कर्मचाऱ्यांनी पट्टी बुडवून टाकीतलं तेल मोजलं: ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. कंपनी तेव्हा मेट्रिककडे वळत होती आणि हे विमान नव्या पद्धतीचं होतं. हिशोबात घनता घेतली १.७७. हा आकडा होता पौंड प्रति लिटरचा. किलो प्रति लिटर घ्यायचा असता तर तो सुमारे ०.८ होता.

७,६८२ × १.७७ = १३,५९७. हे ‘किलो’ समजले, २२,३०० तून वजा केले आणि उरलेल्या ८,७०३ ला पुन्हा १.७७ नं भागून ४,९१६ लिटर भरले. खरी गरज होती सुमारे वीस हजार लिटरची. ४१,००० फुटांवर इंजिनं बंद पडायला लागली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिम्लीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि सगळे वाचले.

आता तोच हिशोब एककासह लिहा: ७,६८२ लि. × (१.७७ पौंड / १ लि.) = १३,५९७ पौंड. पुढची ओळ ‘२२,३०० किलो वजा १३,५९७ पौंड’. ही वजाबाकी लिहितानाच हात थांबतो. त्या कागदावर गुणाकार-भागाकार बिनचूक होते, हे लक्षात घ्या.

जिथे नुसतं गुणून भागत नाही

तापमानाचं शून्य दोन्ही पट्ट्यांवर वेगळ्या जागी आहे, म्हणून तिथे गुणाकारासोबत ३२ ची बेरीज लागते: फॅरेनहाइट = १.८ × सेल्सिअस + ३२. मे महिन्यातले ४२ अंश म्हणजे १०७.६ फॅरेनहाइट. पण ‘पारा ५ अंशांनी चढला’ असं वाक्य असेल तर ३२ मिळवायचे नाहीत. फरक ९ अंश फॅरेनहाइटचा. फरक आणि प्रत्यक्ष तापमान यांची गल्लत अनुवाद केलेल्या बातम्यांत सर्रास दिसते.

गाडीचा ॲव्हरेज आपण किलोमीटर प्रति लिटर सांगतो, युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर ते सांगतात. ही एकमेकांची व्यस्त रूपं आहेत; लिटरला २० म्हणजे शंभराला ५. यातून एक चकवा निघतो: घाट चढताना लिटरला १०, उतरताना तेवढ्याच अंतरावर २०, तर सरासरी १५ नाही. शंभर-शंभर किलोमीटर धरा, १० लिटर अधिक ५ लिटर, म्हणजे १५ लिटरमध्ये २०० किलोमीटर, लिटरला १३.३.

एसीचा टन वजनाचा नसतो. एक अमेरिकन टन, म्हणजे २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, त्या दरानं थंड करण्याची ती क्षमता. पौंडाला १४४ बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश एकक) लागतात:

२,००० पौंड × (१४४ बीटीयू / १ पौंड) / २४ तास = १२,००० बीटीयू / तास = सुमारे ३.५ किलोवॅट

दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. विजेचा खर्च त्याहून कितीतरी कमी, तो लेबलवर वेगळा दिलेला असतो.

आता मिती

आतापर्यंत एकक बदलत होतो. मितीय विश्लेषण त्याच्या एक पायरी खाली जातं: फूट असो, मीटर असो की कोस, शेवटी ती लांबीच. यांत्रिकीतल्या सगळ्या राशी तीन मितींतून बांधता येतात: वस्तुमान (व), लांबी (ल) आणि काळ (क). विजेसाठी विद्युतधारा आणि उष्णतेसाठी तापमान अशा आणखी मिती लागतात, त्या इथे सोडून देऊ. ही कल्पना फ्रेंच गणिती फूरिए यांनी १८२२ मध्ये उष्णतेच्या समीकरणांच्या निमित्तानं मांडली.

वेग म्हणजे ल क⁻¹, त्वरण ल क⁻², बल व ल क⁻². बलाला अंतरानं गुणलं की ऊर्जा, व ल² क⁻². ऊर्जेला काळानं भागलं की शक्ती, व ल² क⁻³. पाठ करू नका, दर वेळी व्याख्येवरून बांधा. वर्तमानपत्रात ‘किलोवॅट प्रति तास’ असं छापून येतं ते चूक का, हे इथेच कळतं. विजेचं युनिट म्हणजे किलोवॅट गुणिले तास. शक्तीला काळानं गुणलं की एक ‘क’ काटून ऊर्जा उरते. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट.

मितीचा मुख्य नियम एका ओळीचा आहे: बेरीज-वजाबाकी आणि बरोबरचं चिन्ह फक्त सारख्या मितींमध्ये. परीक्षेत ‘अंतर = वेग × काळ + ½ × त्वरण × काळ²’ लिहिताना शेवटचा वर्ग राहिला, तर त्या पदाची मिती ल क⁻¹ होते, बाकीची ल. सूत्र चुकलं हे दहा सेकंदांत समजतं. साइन, लॉग यांच्या कंसात आणि घातांकात जे जाईल त्याला मिती उरता कामा नये, हाही त्याच नियमाचा भाग.

नर्मदेचं पाणी जलूदहून इंदूरला चढवतात. नदीपात्र आणि शहर यांच्या उंचीतला फरक ढोबळमानानं ४०० मीटर धरला, तर हजार लिटर पाणी वर आणायला किमान किती वीज? वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा: व × ल क⁻² × ल = व ल² क⁻². ऊर्जेचीच मिती आली, पुढे जायला हरकत नाही.

१,००० किलो × ९.८ मी./से.² × ४०० मी. = ३९.२ लाख जूल

एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, तेव्हा १.१ युनिट. पंपाची गळती, पाइपातलं घर्षण आणि मधला घाट धरला की खरा खर्च याहून बराच वर जातो. नळ उघडा ठेवून दात घासणाऱ्याला हा आकडा दाखवायला हरकत नाही.

सूत्र तपासणं झालं. मितीवरून सूत्र शोधताही येतं. लंबकाच्या झोक्याचा काळ कशावर अवलंबून असेल? दोरीची लांबी, गुरुत्वत्वरण आणि गोळ्याचं वस्तुमान, असं समजू. त्यांचे घात अनुक्रमे अ, ब, ड धरा. डावीकडे मिती क¹. उजवीकडे लᵃ-सारखं काही लिहिण्यापेक्षा शब्दांत: लांबीचा एकूण घात अ + ब, काळाचा −२ब, वस्तुमानाचा ड. डावीकडे वस्तुमान नाही, म्हणून ड = ०. काळाचा घात १ हवा, म्हणून ब = −½. लांबीचा घात ० हवा, म्हणून अ = ½. म्हणजे काळ हा लांबी भागिले गुरुत्वत्वरण याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. एकही प्रयोग न करता कळलं की गोळा जड असो की हलका, काही फरक पडत नाही.

पण एक मीटरच्या लंबकाला या सूत्रानं ०.३२ सेकंद येतात आणि घड्याळ दाखवतं २ सेकंद. मधला ‘२π’ (दोन पाय), म्हणजे ६.२८, हा नुसता आकडा आहे, त्याला मिती नाही, आणि मितीय विश्लेषणाला तो दिसत नाही. आणखीही मर्यादा आहेत. पान्याचं बलाघूर्ण (फिरवण्याचा जोर) आणि ऊर्जा यांची मिती एकच, तरी त्या एक नव्हेत. आणि सुरुवातीला एखादी राशी यादीत घ्यायचीच राहिली तर पद्धत निमूटपणे चुकीचं सूत्र देते.

तरीही योग्य हातात ती किती लांब नेते, याचं उदाहरण ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांचं. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोत पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली. स्फोटाची ताकद गुप्त होती, पण छायाचित्रं १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांवर मोजपट्टी व वेळ छापलेली होती. टेलर यांनी धरलं की अग्निगोलाची त्रिज्या फक्त ऊर्जा, हवेची घनता आणि गेलेला काळ यांवर ठरते. ऊर्जेला घनतेनं भागा: व काटला, उरलं ल⁵ क⁻². काळाच्या वर्गानं गुणा: उरलं ल⁵. म्हणजे त्रिज्येचा पाचवा घात. उलटवून लिहिलं तर:

ऊर्जा ≈ घनता × त्रिज्या⁵ / काळ²

०.०२५ सेकंदाला त्रिज्या सुमारे १४० मीटर होती. घनता १.२ किलो प्रति घनमीटर घेऊन बघा: ऊर्जा साधारण १०¹⁴ जूल. एक टन टीएनटी या स्फोटकाची ऊर्जा म्हणजे ४.१८४ × १०⁹ जूल, तेव्हा सुमारे २५ हजार टन. अधिकृत आकडा वीस हजार टनांच्या आसपास सांगितला गेला होता. लंबकातल्या ६.२८ च्या जागी इथे येणारा आकडा सुदैवानं एकाच्या जवळ असतो. टेलर यांनी तो स्वतंत्रपणे काढलाही होता, १९५० च्या लेखांत.

किती अंक ठेवायचे

फुटपट्टीनं मोजलेल्या वीस फुटांचे ६.०९६ मीटर करून तिसऱ्या दशांशावर विश्वास ठेवू नका. मोजणीत इंचभर इकडेतिकडे असेल तर ६.१ पुरे. मधल्या पायऱ्यांत अंक राहू द्या, शेवटीच एकदा आकडा आटोपशीर करा. अपवाद रजिस्ट्रीच्या कागदांचा: तिथे दस्तात असतील तेवढे दशांश जसेच्या तसे उतरवा.

सरावाला एक गणित, घरच्याच मातीतलं. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ नावाचं सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवणारं यंत्र, आहे. परीघ सुमारे १७२.५ मीटर, इलेक्ट्रॉनची ऊर्जा २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, वेग जवळजवळ प्रकाशाइतका, म्हणजे सेकंदाला ३ × १०⁸ मीटर. एक इलेक्ट्रॉन सेकंदाला किती फेऱ्या मारतो आणि त्याची ऊर्जा जूलमध्ये किती? (१ इलेक्ट्रॉनव्होल्ट = १.६०२ × १०⁻¹⁹ जूल. गिगा म्हणजे १०⁹.) उत्तरं: सुमारे १७.४ लाख फेऱ्या, आणि ४ × १०⁻¹⁰ जूल. पहिल्या उत्तरात १७२.५ मीटर छेदात जातो; ‘१ फेरी / १७२.५ मी.’ असं लिहिलं की तो आपोआप तिथेच बसतो.